कौल आणि कौलं

मराठीत 'कौल' या एका शब्दाला तीन अर्थ आहेत आणि घरमालकाच्या नशिबी तिन्ही लिहिलेले असतात. पहिलं कौल छपरावरचं. ते गळतं. दुसरा कौल देवाचा. तो गुरवामार्फत मिळतो आणि उजवा की डावा हे पाहून मंडळी लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं ठरवतात. तिसरा कौल कागदावरचा. 'या, राहा, जमीन कसा, पहिली काही वर्षं थोडं द्या, मग पुरतं द्या, आमच्याकडून उपद्रव होणार नाही' असं सरकारने रयतेला दिलेलं अभयपत्र म्हणजे कौल. शब्द मूळचा अरबी. अर्थ काय, तर 'बोललेला शब्द'. माझ्या माहितीतले घरमालक पहिल्या कौलासाठी रडतात, दुसऱ्यावर विसंबतात आणि तिसऱ्याचं नाव काढलं की म्हणतात, "अहो, कागद कशाला? माणसं चांगली आहेत!"

माणसं चांगली असतात तेव्हाच कागद करायचा असतो. वाईट माणसांबरोबर कागद करायला कोर्ट आहे.

मी इतिहासाचा निवृत्त मास्तर. भोरात आमचा वाडा आहे. भोर आणि वाडा म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे नीरेकाठचा पंतसचिवांचा राजवाडा येतो. तो वेगळा. त्या राजवाड्यात रामनवमीचा उत्सव होतो आणि सिनेमावाले चित्रीकरणाला येतात. आमच्या वाड्यात चार खोल्या, एक पडवी, एक न्हाणी आणि सात वारस आहेत. आईचं माहेर वेल्ह्याकडचं, तोरण्याच्या सावलीतलं. तिथे एक घर आणि पूर्वी थोडी भातखाचरं होती. हा तोरण्या-राजगडाचा वेल्हे तालुका. २०२४ साली मंत्रिमंडळाने त्याचं नाव 'राजगड' करायला मंजुरी दिली. आमच्या मामांच्या तोंडी मात्र अजून 'वेल्हं'च आहे.

गंमत अशी, की भोरात आम्ही मालक असलो तरी पुण्यात भाडेकरू होतो. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात वडिलांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. त्यामुळे घरभाडे या विषयावर आमच्या घरात दोन मतं होती आणि ती दोन्ही वडिलांचीच होती. पुण्यात ते म्हणत, "या घरमालकांना माणुसकी म्हणून नाही." एस.टी.त बसून कात्रजचा बोगदा ओलांडला, की त्यांचा चेहरा बदलू लागे. खेड-शिवापूर मागे पडलं की ते गप्प होत. कापूरहोळला गाडी भोरकडे वळली की म्हणत, "भाडेकरू म्हणजे काय चीज असते, हे तुला मोठेपणी कळेल." मला ते कात्रज ते कापूरहोळ एवढ्या अंतरातच कळलं.

या प्रवासाचा फायदा असा झाला, की जमीनमालक, घरमालक, कुळं आणि भाडेकरू यांचा इतिहास मला दोन्ही बाजूंनी वाचावा लागला. त्या इतिहासाची उत्तम शाळा म्हणजे आमचं हे भोर-वेल्ह्याचं मावळ. छोट्या घरमालकाला लागणारं शहाणपण इथल्या डोंगरांत पुरलेलं आहे. फक्त ते तोरण्याच्या हंड्यांसारखं कुणीतरी उकरून काढलं पाहिजे.

हंड्यांपासूनच सुरुवात करू. १६४६-४७च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला. डागडुजी चालू असताना धन सापडलं. ते कुठे गेलं? गडाच्या दुरुस्तीला आणि समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर नवं बांधकाम करायला. तोच राजगड. पुढे वीस-पंचवीस वर्षं स्वराज्याचा कारभार तिथून चालला. घरमालकाने हा प्रसंग देवघराजवळ लिहून ठेवावा. घरातून निघालेला पैसा आधी घरालाच लावायचा असतो. आमच्या थोरल्या काकांकडे भाड्याचा पैसा आला, की तो थेट लग्नाच्या आहेरात जाई. छपराचा आहेर राहून जाई. मग मृग नक्षत्रावर गवंडी, सुतार, कौलं परतणारा गडी सगळे एकदम आठवत, आणि मृगावर हे तिघेही कुणाला सापडत नाहीत. हल्ली मी बारा महिन्यांपैकी एका महिन्याचं भाडं छपराच्या नावाने वेगळं ठेवतो. ते भाडं माझं नव्हेच, ते कौलांचं. वैशाखात कौलं परतून घेतली की आषाढात भाडेकरूचा फोन येत नाही. आमच्याकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला या शांततेची किंमत सांगायला नको.

दुसरा धडा पाटीचा. तोरण्याला महाराजांनी नाव दिलं प्रचंडगड. १७०४ साली औरंगजेबाने आधी राजगड आणि मग तोरणा घेतला, आणि घेतल्याबरोबर काय केलं? नावाच्या पाट्या बदलल्या! राजगडाचा नबीशाहगड झाला आणि तोरण्याचा फुतूह-उल-गैब. चारच वर्षांत गड परत मराठ्यांकडे आला, पाटी विरून गेली. दारावरची पाटी कुणाची, यावर मालकी ठरत नाही हे खरं. पण कागदावरची पाटी कुणाची, यावर मात्र ठरते. भोर नगरपरिषदेचं गाव, तिथे मिळकत पत्रिका पाहावी. वेल्ह्यासारख्या ठिकाणी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढावा. शेत असेल तर सातबारा. घरोघर असं आढळतं, की घर राहतं नातवाकडे, घरपट्टी भरतो मुलगा आणि उताऱ्यावर अजून आजोबा ठाण मांडून असतात. आजोबांनी भाडेकरार करायचा तर त्यांना वरून बोलवावं लागेल. तेव्हा भाडेकरू शोधण्याआधी वारसनोंद करावी.

वारस म्हटले की आंबवड्याची आठवण होते. भोरजवळच्या या गावी, नागेश्वराच्या देवळाच्या परिसरात, शंकराजी नारायण सचिवांची समाधी आहे. राजाराम महाराजांच्या काळात त्यांना सचिवपद मिळालं आणि भोरच्या पंतसचिवांचं घराणं त्यांच्यापासून सुरू झालं. मोगलांकडून किल्ले परत घेण्यात त्यांचा मोठा वाटा. १७०७ साली औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि इकडे ताराबाई होत्या. दोघांचा दावा एकाच गादीवर. शंकराजी ताराबाईंच्या शपथेने बांधलेले, आणि समोर उभा संभाजी महाराजांचा मुलगा. या पेचात त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, असं सांगतात. पुढे शाहू महाराजांनी सचिवपद त्यांच्या मुलाकडे चालू ठेवलं. त्या समाधीपुढे उभं राहिलं की विनोद सुचत नाही. इतकंच मनात येतं, की वरच्यांनी आपसातला वाद मिटवला नाही तर तो खालच्या इमानी माणसाच्या गळ्याशी येतो.

तुलना लहान तोंडी मोठा घास आहे, पण आमच्या वाड्यात हेच व्हायचं. पोस्टातले एक सज्जन भाडेकरू होते. पहिल्या तारखेला काका भाडं मागत, पाच तारखेला आत्या पुण्याहून पत्र पाठवून तेच भाडं मागत, आणि दहा तारखेला धाकटे काका प्रत्यक्ष येऊन "मला नका देऊ, पण त्यांनाही देऊ नका" असं सांगून चहा पिऊन जात. शेवटी त्या गृहस्थांनी मनीऑर्डर तीन तुकड्यांत पाठवायला सुरुवात केली. पोस्टातलेच असल्याने त्यांना ते जमलं. भाडेकरूला दोन मालक कधी देऊ नयेत. सगळ्या वारसांनी मिळून एकाला कुलमुखत्यारपत्र द्यावं, भाडं त्याच्या खात्यात जावं आणि वाटणीची भांडणं भाडेकरूच्या माघारी, आपसात, दार लावून करावीत.

आता मिरासदार आणि उपरी. जुन्या मराठी मुलखात शेती करणाऱ्यांचे हे दोन मुख्य प्रकार. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. त्याला ती विकता येई, गहाण ठेवता येई, आणि तो गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क पुष्कळ काळ जिवंत राही. उपरी म्हणजे बाहेरून आलेला, सालाच्या बोलीवर कसणारा. गावच्या मानपानात त्याला जागा नसे. १८१९ साली एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यातही मिरासदारांची दखल आहे. आपण 'उपरा' म्हणतो तो याच उपऱ्याचा वंशज. आणि काळाचा महिमा पाहा! आमच्या वाड्यातल्या कोपऱ्याच्या खोलीत एक कुटुंब अडतीस वर्षं राहिलं. गल्लीतलं कुत्रं त्यांना ओळखायचं, आम्हाला पाहून भुंकायचं. दिवाळीत आम्ही गेलो की त्या घरच्या वहिनी दार उघडून म्हणायच्या, "या ना, या, बसा!" मिरासदार ते झाले होते, उपरे आम्ही.

अर्थात ओसाड जमीन आणि रिकामं घर उपऱ्यावाचून वसत नाही, हे जुन्या राज्यकर्त्यांना पक्कं कळत होतं. लढाया, दुष्काळ यांनी गावं उठली की ते कौल देत. त्यात 'इस्तावा' असे. म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग वर्षावर्षाने चढता, आणि काही वर्षांनी पुरा दर. १६७६ साली महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना जे पत्र लिहिलं, त्यात तर याहून पुढची पायरी आहे. ज्याच्याजवळ बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैसा द्यावा, खायला धान्य द्यावं आणि त्याला ऐपत येईल तसं ते मुद्दलापुरतं परत घ्यावं. हे धर्मादाय नव्हे, हा हिशेब आहे. माणूस टिकला तर सारा टिकतो. घरमालकाने याचा अर्थ असा घ्यावा, की भाडेकरू चांगला असेल तर पहिल्या वर्षी दोनशे रुपये कमी घ्यावेत, पण पुढच्या वर्षांची वाढ त्याच कागदावर आजच लिहून ठेवावी. वाढ आधी लिहिली की ती करार असते. नंतर मागितली की ते भांडण होतं.

'भाडेकरू घर बळकावतो' ही भीती आमच्याकडे आली ती घरातून नव्हे, शेतातून. १९४८ साली मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा झाला आणि पुढच्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषकदिन' ठरला. त्या दिवशी कूळ म्हणून जमीन कसणारा, कायद्यातले अपवाद वगळता, जमिनीचा मालक मानला गेला. मग '३२ ग'प्रमाणे किंमत ठरे आणि ती भरली की '३२ म'चं प्रमाणपत्र मिळे. वेल्ह्याकडची आमची भातखाचरं अशीच गेली. मामा कित्येक वर्षं '३२' हा आकडा उच्चारत नसत. 'एकतीस आणि एक' म्हणत. आजी मात्र वेगळीच. तिला कुणीतरी विचारलं, "आजी, जमीन गेली म्हणून वाईट वाटत असेल ना?" ती म्हणाली, "गेली कुठे? हाय तिथंच हाय. आंबेमोहोर त्यानं पिकवला, चिखलात तो उभा राहिला. आपण निस्ता भात खाल्ला."

आजीचं हे वाक्य मी वर्गात कूळकायदा शिकवताना सांगत असे. वारशाच्या वाटणीच्या वेळी मामांना कधी सांगितलं नाही. पण एक गोष्ट खरी. मागची शंभर वर्षं पाहिली तर प्रत्येक कायदा आधीच्या कुणाच्या तरी अतिरेकाचं उत्तर म्हणून आला आहे.

घरांचंही तेच. पहिल्या महायुद्धाच्या वेळी मुंबईत घरं अपुरी पडली, भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली भाड्यांवर नियंत्रण आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. प्रमाण भाडं म्हणजे, ढोबळ मानाने, १ सप्टेंबर १९४० रोजी असलेलं भाडं. गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर त्याने वाचवलं, हे मी पुण्याचा भाडेकरू म्हणून शपथेवर सांगतो. आमच्या त्या दोन खोल्यांना महिना बावीस रुपये भाडं होतं आणि ते देताना वडिलांचा चेहरा असा व्हायचा, की जणू मालकाला दत्तकच घेतलं आहे. पण भाडं १९४० सालात उभं आणि चुना, सिमेंट, गवंड्याची मजुरी आपली चालत्या सालात. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. जिना हलायला लागला, तेव्हा मालकांनी त्याला एक टेकू दिला आणि वडिलांना म्हणाले, "बावीस रुपयांत एवढाच बसतो." दोघांचंही खरं होतं आणि जिना दोघांचंही ऐकत नव्हता. पागडीचा जन्म याच सांदीत झाला. अखेर सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७मध्ये सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही.

मग आला १९९९चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यात निवासी भाड्याला दरसाल ४ टक्के वाढीची सोय आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. घर राहण्याजोगं ठेवणं हीही मालकाचीच जबाबदारी. भाडेकरूशी बिनसलं म्हणून त्याचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही. आमच्या एका काकांचा हा आवडता उपाय होता. नळाची चावी ते जानव्याला बांधून फिरत. आज हा गुन्हा आहे. हा कायदा कुठल्या गावाला लागू आहे, ते त्याच्या परिशिष्टांत आणि नंतरच्या अधिसूचनांत दिलेलं असतं. आपलं गाव त्यात आहे का, हे वकिलाला आधीच विचारून घ्यावं.

छोट्या मालकाने पाठ करावं असं कलम म्हणजे ५५. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे आणि तो नोंदवला पाहिजे. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यापेक्षा बोचरी गोष्ट पुढे आहे. लेखी नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. "अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?" ही जी म्हण झाली आहे ती जुन्या नोंदणी कायद्यातली, वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची. इथे ती चालत नाही. अकरा महिन्यांचाही नोंदवायचा. खर्च मोठा नाही. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये, आणि मुद्रांक शुल्क साधारण पाव टक्का. संगणकावरून घरबसल्याही होतो. राहण्यासाठी दिलेल्या घराचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क मागता येतं आणि त्यासाठी सक्षम प्राधिकारी नेमलेले आहेत. आमच्या काकांच्या वेळी सक्षम प्राधिकारी म्हणजे शेजारचे पैलवान होते.

किल्ल्यांच्या कारभारातली एक गोष्ट राहिली. गडावर महाराजांनी हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी ठेवले होते. एकट्याच्या मर्जीवर गड कुणाच्या हाती जाऊ नये, म्हणून. घर लांबच्या गावी असेल तर हे तत्त्व सोन्यासारखं आहे. एक किल्ली भाडेकरूकडे, एक आपल्याकडे. दुरुस्तीसाठी शेजारचा भरवशाचा माणूस. आणि हिशेबाला घरातली अशी व्यक्ती, जी भिडेला बळी पडत नाही. आमच्याकडे हे पद सौभाग्यवतींकडे आहे. घर पाहायला जायचं तर आधी कळवून, दिवसाउजेडी जावं. मालक अचानक दारात उभा राहिला की भाडेकरूला मोगल आल्यासारखं वाटतं.

एवढं सगळं सांगूनही काही मंडळी म्हणतात, "नकोच ती कटकट. कुलूप लावून ठेवतो." भोर-वेल्ह्यात अशी कुलपं गल्लोगल्ली दिसतात. मुलं पुण्या-मुंबईला, घर गावी, आणि मध्ये भीती. तिकडे शिक्षक, बँकेतली पोरं, एस.टी.चे चालक-वाहक खोली शोधत फिरत असतात. मातीच्या भिंतींच्या घराला कुलूप लावलं, की एका पावसाळ्यात कौल सरकतं, दुसऱ्यात वासा कुजतो, तिसऱ्यात भिंत फुगते, आणि चौथ्या वर्षी कुलूप तेवढं शाबूत राहतं. भाडेकरूने गिळलेली घरं मी मोजकी पाहिली. कुलपाने गिळलेली मोजता येत नाहीत. कोपऱ्यातल्या त्या कुटुंबाने अडतीस वर्षं चूल पेटवली, दिवा लावला, गळतं भांडं सरकवून ठेवलं, म्हणून आमचा वाडा आज उभा आहे. जाताना त्यांनी स्वतःहून किल्ली आणून दिली आणि वहिनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहून गेल्या. त्यांचं अनामत काकांनी बिनव्याजी परत केलं. ते दोनशे रुपये होते. काकांना त्याही वेळी ते जड गेले.

तर मंडळी, छपराचं कौल वैशाखात परतावं आणि कागदाचा कौल पहिल्या दिवशी लिहून नोंदवावा. राहिला देवाचा कौल. तो भाडेकरू निवडताना लावू नये. आमच्या धाकट्या काकांनी लावला होता. देवाने उजवा दिला आणि भाडेकरू तबल्याच्या विशारद परीक्षेला बसणारा निघाला. देवाच्या कौलावर अपील नसतं. कागदाच्या कौलाची निदान झेरॉक्स मिळते.